परदेशची मिळकत आणि घरचा कर
(वर्धापनदिनी मंडळात दिलेले भाषण)



1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको काढली आणि आपल्या गावचे बियाणे देशभर गेले. आता आपल्या लेकीसुनांचे काम घरबसल्या परदेशी जाऊ लागले आहे. चूल इथे, मालक अमेरिकेत! अभिमानाचीच गोष्ट. मात्र ‘पैसा परदेशचा, मग इथे कर कशाचा?’ ही समजूत मनातून काढून टाकावी.

कायदा मालकाचा देश पाहत नाही, आपला मुक्काम पाहतो. आर्थिक वर्षात 182 दिवस वा अधिक जी भारतात राहिली, ती येथील रहिवासी. आणि कायम येथेच राहणाऱ्यास जगभरच्या मिळकतीवर येथे कर लागू होतो. तिकडे कर कापला गेलाच, तर दुहेरी कर टाळणारे करार आहेत. अमेरिकेशी तो 1989 साली झाला.

इथला मालक पगारातून कर आधीच कापतो. परदेशी मालक बहुधा कापत नाही. म्हणून हाती येणारी सारी रक्कम आपली समजू नये. वर्षाचा कर 10,000 रुपये वा अधिक होणार असेल, तर तो सामान्यतः जून, सप्टेंबर, डिसेंबर व मार्च अशा हप्त्यांनी आगाऊ भरावा लागतो. चुकल्यास व्याज चढते. पैसा आला, की कराचा वाटा आधी बाजूला काढावा. वाणसामानाचा हिशेब ठेवणाऱ्या आपणांस हे अवघड नाही.

आणखी एक. कष्ट सुनेचे, तर बँकेचे खाते, पॅन व विवरणपत्रही तिच्याच नावाचे असावे. उद्या कर्ज काढायचे झाले, तर तोच कागद तिची पत सांगेल.