नव्या ब्रेकची परीक्षा

रायगडाच्या पायथ्याशीं पाचाड म्हणून लहानसें गांव आहे. राजमाता जिजाबाई ह्यांचा अंत १६७४ सालीं येथेंच झाला. त्यांच्या समाधीच्या दर्शनास आणि गडावर जाण्यास मुंबई-पुण्याचीं कुटुंबें आपापल्या मोटारींतून येथें येतात. महाडपासून पाचाड सुमारें २५ किलोमीटर. रस्ता वळणांचा व चढणीचा. येतांना एंजिनाची कसोटी लागते, परततांना ब्रेकची.

झिजलेल्या डिस्क बदलून नव्या बसविलेल्या असतात. त्यास कांहीं महिनेच झालेले असतात, आणि पाचाडचा उतार लागतांच ब्रेक दाबावा तों स्टिअरिंग थरथरूं लागतें. गृहस्थाच्या मनांत पहिला विचार येतो तो हाच कीं, दुकानदारानें वांकडी डिस्क गळ्यांत बांधली. पुष्कळदां हा आरोप अन्यायाचा असतो. दोष डिस्कचा नसून तिच्या बैठकीचा असतो.

डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी. कॅलिपरमधील पॅड तिला दोन्ही बाजूंनीं चिमटींत धरतात आणि गाडीच्या वेगाची उष्णता होते. फ्रेडरिक लँचेस्टर ह्या इंग्रज अभियंत्यानें १९०२ सालीं ह्या युक्तीचें पेटंट घेतलें. परंतु तिचा बोलबाला झाला तो १९५३ सालीं, डिस्क-ब्रेकच्या जॅग्वार गाडीनें ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली तेव्हां.

ही तबकडी ज्या हबवर बसते, त्यावर कोंकणच्या पावसाळ्यांत गंज चढतो. त्याचा बारीकसा कण जरी मध्यें राहिला, तरी डिस्क कलती बसते व फिरतांना डोलते. हें डोलणें डायल गेजनें मोजतां येतें. तें बहुधा ०.०५ मिलिमीटरच्या आसपासच असावें लागतें. अधिक असल्यास प्रत्येक फेऱ्याला पॅड एकाच जागीं घासतात, डिस्क तेथें पातळ होते, आणि कांहीं हजार किलोमीटरनंतर थरथर सुरू होते. म्हणून हब तारेच्या ब्रशनें लख्ख करावा, नव्या डिस्कवरील तेलाचा थर धुऊन टाकावा, चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमानें व टॉर्क पान्यानें आंवळावे. मोजमाप तरीहि न जुळल्यास डिस्क एक भोंक फिरवून बसवून पाहावी. डिस्क पातळ होऊन चुकली असल्यास मात्र ती घासून सारखी करावी किंवा बदलावी. पण तत्पूर्वीं हब साफ न केल्यास तोच रोग पुन्हां जडतो.

वैद्य लक्षणांवरून रोग ओळखतो, तसेंच येथेंहि आहे. गाडी एका बाजूस ओढत असेल तर कॅलिपरची पिन अडकली आहे किंवा पॅडला तेल लागलें आहे काय, हें पाहावें. सतत खरखर येत असेल तर मागचा धूळरोधक पत्रा वांकून डिस्कला लागत असण्याचा संभव असतो. पेडल मऊ लागलें तर नळींत हवा शिरली असें समजावें, आणि ती काढल्यावांचून गाडी हलवूं नये.

दोन गोष्टी विसरूं नयेत. नवे पॅड घालतांना पिस्टन मागें ढकललेले असतात. म्हणून गाडी हलविण्यापूर्वीं पेडल घट्ट होईपर्यंत अनेकदां दाबावें, नाहींतर पहिलाच ब्रेक पोकळ जातो. दुसरें, नव्या ब्रेकला सपाट, मोकळ्या रस्त्यावर वळण लावावें : ताशीं ५० किलोमीटरच्या वेगावरून १५ पर्यंत, न थांबतां, आठ-दहा वेळां, मध्यंतरीं थंड होऊं देत.

हें सारें घरीं, निघण्यापूर्वींच उरकावें. घाटांत खालचा गिअर धरावा, म्हणजे ब्रेकवरचा भार हलका होतो. घाट ही परीक्षेची जागा आहे, अभ्यासाची नव्हे; आणि त्या परीक्षेस मागच्या आसनावर बसलेलीं मुलेंबाळेंहि आपल्याबरोबर बसलेलीं असतात.