पगाराचा आकडा आणि तीन मिनिटे



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी बसलेलो आहे. पंचाहत्तरी उलटली तरी या सभागृहात पाऊल ठेवताना गृहपाठ अपुरा राहिल्याची धास्ती वाटतेच. आयुष्यभर मी मराठीचे अध्यापन केले. त्यामुळे मी संतवाङ्मयावर किंवा बडोद्याच्या साहित्यपरंपरेवर बोलेन, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र आज अमेरिकेतील शालेय अधिकाऱ्यांच्या पगाराविषयी आणि त्या पगारावर तेथील सामान्य नागरिक भरसभेत जे बोलतात त्याविषयी बोलणार आहे. हा विषय का निवडला याचे कारण माझ्याच एका जुन्या चुकीत आहे. ते मी अखेरीस सांगेन.

बडोद्याला अमेरिकेतील शिक्षणव्यवस्थेविषयी कुतूहल असणे नवे नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानात लागू केला. त्याच १९०६ साली त्यांनी अमेरिकेचा प्रवास केला. पुढे १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून त्यांनी येथील ग्रंथालयांची घडी बसवली. महाराजांची दृष्टी माझ्याजवळ नाही. मी अमेरिकेला गेलो तो मुलीच्या घरी, नातवंडांना भेटायला.

२०१९ च्या हिवाळ्यात मी न्यू जर्सी राज्यात होतो. एका संध्याकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, आज शाळेच्या बोर्डाची सभा आहे, येता का?" मी कुतूहलाने गेलो. शाळेच्या ग्रंथालयात टेबले अर्धवर्तुळात मांडून मंडळाचे सभासद बसले होते. समोर पन्नासेक खुर्च्या आणि मध्यभागी एक ध्वनिक्षेपक. भिंतीवरच्या पडद्यावर तीन मिनिटांचे घड्याळ उलटे धावत होते. विषय होता शाळांच्या मुख्य प्रशासकाच्या, म्हणजे सुपरिंटेंडेंटच्या, करारातील वाढ.

एक वृद्ध गृहस्थ पुढे आले. त्यांची मुले केव्हाच शाळेतून बाहेर पडली होती. घर मात्र त्याच गावात होते आणि घराबरोबर घरपट्टीही. हातातला कागद थरथरत होता. अधिकाऱ्यांविषयी माझी तक्रार नाही, असे त्यांनी आरंभीच सांगितले. मूळ पगार, विमा, न घेतलेल्या रजांचे पैसे, निवृत्तीची तरतूद, हे सगळे मिळून वर्षाला एकूण किती होते, तो एकच आकडा मला कोणीतरी सांगावा, एवढीच त्यांची विनंती होती. वाक्य अर्ध्यावर असताना घड्याळ शून्यावर आले. अध्यक्षांनी सौजन्याने आभार मानले. गृहस्थ जागेवर जाऊन बसले. उत्तर कोणीच दिले नाही. थोड्या वेळाने मतदान होऊन ठराव संमत झाला.

घरी परतताना मी मुलीला म्हणालो, "मग या म्हाताऱ्याने बोलून काय साधले?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी पुढे जे वाचले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम व्यवस्था समजून घेऊ. तेथे 'स्कूल डिस्ट्रिक्ट' म्हणजे आपला जिल्हा नव्हे. एखादे गाव, शहर किंवा दोन-चार गावांचा समूह मिळून शाळा चालवण्यासाठी केलेले ते स्वतंत्र क्षेत्र असते. देशात अशी सुमारे १३,००० क्षेत्रे आहेत. एकट्या न्यू जर्सीत सुमारे ६००. बहुतेक ठिकाणी मंडळाचे सभासद नागरिक निवडून देतात. न्यू जर्सीत त्यांना वेतन मिळत नाही. हे बिनपगारी मंडळ एक पगारी प्रशासक नेमते, तोच सुपरिंटेंडेंट. खर्चाचा मोठा वाटा स्थानिक घरपट्टीतून येतो. म्हणून तेथील माणसाला शाळेचा खर्च हा सरकारचा खर्च वाटत नाही, तो आपल्या खिशातला वाटतो. आपल्याकडे अधिकाऱ्याची वेतनश्रेणी वेतन आयोगाच्या शिफारशींवरून वरून ठरून येते. तेथे ती मंडळ आणि अधिकारी यांच्यातील करारात ठरते. करार म्हणजे भाषा, आणि भाषेचा प्रश्न आला की माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराचे कान टवकारणारच.

मराठीत आपण 'पगार' हा एकच शब्द वापरतो. करारात मात्र मूळ वेतन एका कलमात असते, रजांचा मोबदला दुसऱ्या कलमात, मोटारीचा भत्ता तिसऱ्यात आणि निवृत्तीची जादा वर्गणी कोठेतरी परिशिष्टात. एकेक कलम निरुपद्रवी दिसते. बेरीज करण्याचे कष्ट कोणी घेत नाही. न्यू जर्सीच्या चौकशी आयोगाने २००६ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला, तो शालेय प्रशासकांच्या अशाच दृष्टिआड राहिलेल्या लाभांविषयी होता. त्यानंतर २००७ मध्ये कायदा झाला. सुपरिंटेंडेंटचा चालू करार बदलायचा किंवा वाढवायचा असेल तर मंडळाने ३० दिवस आधी जाहीर सूचना द्यावी आणि नागरिकांची जाहीर सुनावणी घ्यावी, असे बंधन आले. मी पाहिलेली सभा त्याच कायद्याची फलश्रुती होती.

या बंधनाची गरज किती खरी होती, हे देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात दिसून आले. लॉस एंजेलिसजवळ सेंटिनेला व्हॅली नावाचे एक लहानसे क्षेत्र आहे. तेथे सुमारे साडेसहा हजार विद्यार्थी होते आणि तिजोरी नेहमीच तंग. २०१४ च्या आरंभी टॉरन्सच्या 'डेली ब्रीझ' या छोट्या वृत्तपत्राने कागदपत्रे तपासली. सुपरिंटेंडेंटचे मूळ वेतन वर्षाला सुमारे २ लाख ७१ हजार डॉलर होते. परंतु २०१३ साली सर्व लाभ मिळून त्यांना ६ लाख ६३ हजार डॉलरहून अधिक मिळाले होते. शिवाय घरासाठी ९ लाख १० हजार डॉलरचे कर्ज, दोन टक्के व्याजाने. हे सारे मंडळाने संमत केलेल्या करारात शब्दशः होते; बाहेर मात्र ते कोणाला ठाऊक नव्हते. बातमी येताच पालक, शिक्षक आणि नागरिक मंडळाच्या सभांना लोटले. जे कधी बोलले नव्हते ते रांगेत उभे राहिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मंडळाने त्या अधिकाऱ्याला बडतर्फ केले. २०१५ मध्ये त्या वृत्तपत्राला स्थानिक वार्तांकनासाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सेंटिनेलाच्या नागरिकांना बोलण्याचा हक्क आधीही होता. कॅलिफोर्नियात खुल्या सभांचा कायदा १९५३ पासून आहे. बोलायला जागा होती. काय बोलावे ते कळण्यासाठी लागणारा आकडा नव्हता. तो निर्णयानंतर काही वर्षांनी आला, तोही वृत्तपत्रातून. त्या राज्याने हा धडा हळूहळू घेतला. २०१० मध्ये बेल या लहान शहरातील अधिकाऱ्यांचे प्रचंड पगार उघडकीस आले, तेव्हा २०११ मध्ये नियम झाला की स्थानिक संस्थेच्या वरिष्ठ अधिकाऱ्याचे वेतन घाईने बोलावलेल्या विशेष सभेत ठरवता येणार नाही. २०१६ मध्ये आणखी एक नियम आला. अशा अधिकाऱ्याच्या वेतनावर अंतिम निर्णय घेण्यापूर्वी, त्याला काय काय द्यायचे आहे याचा सारांश खुल्या सभेत तोंडी सांगितलाच पाहिजे. कागद उपलब्ध असणे पुरेसे नाही. तो उच्चारला गेला पाहिजे. ज्याने आयुष्यभर वर्गात प्रकट वाचन करून घेतले, त्या शिक्षकाला हा नियम वाचून किती आनंद झाला असेल, हे आपण समजू शकाल. मनातल्या मनात वाचताना जे निसटते, ते मोठ्याने वाचताना घशात अडकते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे व्याख्यान एकांगी होईल. हजारो मुले, शेकडो शिक्षक, बसगाड्या, इमारती आणि कोट्यवधी डॉलरचे अंदाजपत्रक सांभाळणारा माणूस स्वस्तात मिळत नाही. न्यू जर्सीने २०११ मध्ये विद्यार्थिसंख्येनुसार सुपरिंटेंडेंटच्या वेतनावर मर्यादा घातली. अतिमोठी क्षेत्रे वगळता ती मर्यादा गव्हर्नरच्या वेतनाच्या, म्हणजे १ लाख ७५ हजार डॉलरच्या वर जात नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण काही अनुभवी अधिकारी शेजारच्या न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हानिया राज्यांत निघून गेले. हाताखालच्या अधिकाऱ्यांना मर्यादा लागू नसल्याने काही ठिकाणी त्यांचा पगार वरिष्ठापेक्षा अधिक झाला. अखेर २०१९ च्या जुलैमध्ये ती मर्यादा रद्द झाली. तात्पर्य, योग्य पगार कोणता हे राजधानीत बसून एका आकड्याने ठरवता येत नाही. ते त्या त्या गावालाच उघडपणे ठरवावे लागते, आणि म्हणूनच त्या तीन मिनिटांना महत्त्व येते.

त्या हक्काची कायदेशीर कहाणीही मनोरंजक आहे. विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे १९७१ मध्ये शिक्षकसंघ आणि शिक्षण मंडळ यांच्यात कराराची बोलणी चालू होती. संघाचा सभासद नसलेला एक शिक्षक खुल्या सभेत उभा राहिला आणि जेमतेम अडीच मिनिटे बोलला: निर्णय पुढे ढकला, सर्वांना आधी समजू द्या. त्याला बोलू दिले म्हणून तक्रार झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७६ मध्ये निकाल लागला की खुल्या सभेत नागरिकांना बोलू दिले जात असेल, तर केवळ तो संघाबाहेरचा शिक्षक आहे म्हणून त्याचे तोंड बंद करता येणार नाही. मात्र १९८४ मध्ये, मिनेसोटातील एका खटल्यात, त्याच न्यायालयाने हेही सांगितले की धोरण ठरवणाऱ्यांनी नागरिकांचे ऐकलेच पाहिजे असे बंधन राज्यघटना घालत नाही. न्यू जर्सीत २००२ पासून प्रत्येक सभेत नागरिकांच्या बोलण्यासाठी वेळ राखून ठेवणे शिक्षण मंडळांना सक्तीचे आहे. वेळ किती, हे मंडळ ठरवते. उत्तर मिळेल अशी हमी कोणीच देत नाही.

या सभा नेहमी सभ्य असतात असेही नाही. महामारीनंतर, २०२१ मध्ये, मुखपट्ट्या आणि अभ्यासक्रम यांवरून अनेक ठिकाणी आरडाओरड आणि धमक्यांपर्यंत मजल गेली. तरीही उपाय म्हणून ध्वनिक्षेपक काढून घ्यावा, असे मला वाटत नाही. ज्याला आधी माहिती मिळाली नाही आणि नंतर उत्तर मिळाले नाही, त्याचा आवाज चढतो, हे आपण घरातही पाहतो.

आता माझ्या चुकीविषयी. अठ्ठ्याण्णव साली मी एका शिक्षणसंस्थेच्या कार्यकारी मंडळाचा अध्यक्ष होतो. संस्थेचे नाव सांगत नाही. दोष तिचा नव्हे, माझा आहे. वार्षिक सभेत एक पालक उठले. शिवणकाम करून घर चालवणारे गृहस्थ. त्यांनी विचारले, "साहेब, आपले व्यवस्थापक मानद आहेत असं अहवालात लिहिलंय. मग वाहनभत्ता, घरभाडं, प्रवासखर्च मिळून त्यांना वर्षाला किती जातात? आमच्या मुलांच्या बाईंना किती जातात?" बेरीज माझ्यापुढच्या कागदावर होती. ती लज्जास्पद होती. मी घंटी वाजवली आणि म्हणालो, "हा विषय विषयपत्रिकेवर नाही." ते बसले. नंतर ते कोणत्याही सभेला आले नाहीत.

सर त्या दिवशी शेवटच्या रांगेत होते. सभा संपल्यावर जिन्यात ते मला म्हणाले, "प्रश्न पत्रिकेवर नव्हता खरा. पण फी त्यांनीच भरली होती ना रे?" एवढेच बोलून ते काठी टेकत उतरू लागले. मी पुढच्या सभेत तो आकडा वाचू शकलो असतो. वाचला नाही. तीन महिन्यांनी राजीनामा दिला आणि त्याला तत्त्वाचे नाव दिले.

एकवीस वर्षांनी न्यू जर्सीच्या त्या ग्रंथालयात घड्याळ शून्यावर आले, तेव्हा मला ती घंटी ऐकू आली. पण फरकही जाणवला. त्या वृद्धाच्या हातात करार होता, कारण ३० दिवसांची सूचना मिळाली होती. उत्तर मिळाले नाही तरी त्याचा प्रश्न विषयपत्रिकेवर होता, आणि तो प्रश्न शेजारच्या पन्नास माणसांनी ऐकला होता. मुलीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला इतकेच सापडले आहे.

आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा चौथ्या कलमात सार्वजनिक प्राधिकरणांना अधिकारी-कर्मचाऱ्यांचे मासिक वेतन स्वतःहून प्रसिद्ध करायला सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित शाळा वगळता इतरांत शाळा व्यवस्थापन समिती आणली, आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावेत असे सांगितले. कायद्याने खुर्ची दिली आहे. त्या खुर्चीवरून उठून कोणी विचारले, तर समोरच्याने घंटी वाजवू नये, हे कायदा शिकवू शकत नाही.

म्हणून विश्वस्तांना माझी एक नम्र विनंती आहे. पुढच्या वार्षिक सभेत, ठरावाच्या आधी, या संस्थेत कोणाला एकूण किती मिळते ते एका ओळीत, एका बेरजेत, मोठ्याने वाचून दाखवावे. आरंभ सर्वांत वरच्या माणसापासून करावा. मग तीन मिनिटे थांबावे. कोणी बोलले नाही तरी थांबावे.