दाराशी आलेला परका

भिलाईहून रायपूरच्या विमानतळाकडे निघाले म्हणजे शेवटी माना गाव येते. तेथे उतरणाऱ्या प्रवाशास आज कल्पनाही नसते, की 1964 साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या हजारो निर्वासितांची छावणी याच परिसरात होती. तेथून त्यांस पुढे दंडकारण्यातील वसाहतींकडे धाडले जाई. आम्ही भिलाईची मराठी मंडळीही पोलाद कारखान्याच्या निमित्ताने बाहेरूनच आलो. तेव्हा परका कोणास म्हणावे, हा प्रश्न आम्हांला तरी केवळ पुस्तकी नाही.

मी ख्रिस्ती घरात वाढलो आणि पुढे सरकारी चाकरीत शिरलो. मत्तयाच्या शुभवर्तमानात अखेरच्या न्यायाचे चित्र आहे. तेथे राजा कोणाचे धर्ममत विचारीत नाही. परक्याला घरात घेतले की नाही, हे पाहतो. खुद्द येशू तान्हेपणी हेरोदाच्या भयाने मिसर देशी आश्रयास गेला होता. पण त्याच नव्या करारात पौल रोमकरांस बजावतो, की राज्यकर्त्याच्या हातातील तलवार निरर्थक नाही. दृष्टांतातल्या शोमरोन्याने वाटेवरच्या जखमी माणसास उचलले ते स्वतःच्या जबाबदारीवर. दगा झाला असता तर त्याचाच जीव जाता. सरकारी अधिकारी मात्र दुसऱ्यांचे जीव पणास लावीत असतो. हा भेद प्रवचनांत मला क्वचितच आढळला.

दुसऱ्या महायुद्धातील दोन गोष्टी येथे आठवतात, आणि दोन्ही आपल्या मराठी मुलखातल्या आहेत. 1943 साली कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची वसाहत उभी राहिली. रशियाच्या बंदिवासातून सुटून इराणमार्गे आलेली ही सुमारे पाच हजार माणसे. त्यांत बायकामुलेच अधिक. त्यांनी तेथे शाळा काढल्या, प्रार्थनामंदिर मांडले, आणि 1948 पर्यंत पंचगंगेकाठचा तो मुलूख आपलासा केला. त्याच काळात पुरंदर किल्ल्यावर दुसरी एक छावणी होती. तीत जर्मन कुटुंबे स्थानबद्ध होती, आणि त्यांत हिटलरच्या छळाला कंटाळून पळालेले ज्यूही होते! पारपत्र जर्मन, म्हणून माणूस शत्रू, असा हिशेब. इकडे जर्मन सरकारने 1941 च्या नोव्हेंबरात परदेशी गेलेल्या आपल्या ज्यूंचे नागरिकत्वच काढून घेतले. ज्यांना त्यांचे राष्ट्र आपले मानीत नव्हते, त्यांना आम्ही त्या राष्ट्राचे हस्तक समजून डोंगरावर कोंडले.

तथापि त्या कारभारात एक शहाणपणाची गोष्टही घडली होती. 1939 साली युद्ध सुरू होताच धरपकड झाली, तेव्हा एका समितीने एकेकाची चौकशी केली व पुष्कळ ज्यूंना सोडून दिले. पुढच्या वर्षी युद्धाचे पारडे फिरले, भय वाढले, आणि त्यांतील काहीजण पुन्हा आत गेले. त्यांचे वर्तन तर बदलले नव्हते.

हा वाद आज मिझोराममध्ये जिवंत आहे. 1 फेब्रुवारी 2021 रोजी म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि चिन लोक, बहुतांशी ख्रिस्ती, सरहद्द ओलांडून आले. 10 मार्च रोजी केंद्रीय गृहखात्याने ईशान्येकडील सीमावर्ती राज्यांना कळविले, की त्यांना अडवावे. कोणास निर्वासित ठरविण्याचा अधिकार राज्यांना नाही, आणि 1951 च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही. राज्य सरकारने ऐकले नाही. चर्चसंस्थांनी व गावोगावच्या तरुणांनी तांदूळ जमविला, बांबूच्या झोपड्या उभारल्या. आलेल्यांची संख्या तीस हजारांवर गेली. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्तीत ख्रिस्ती लोकांचा उल्लेख आहे, पण म्यानमार त्या तीन देशांत नाही.

मिझोरामचे औदार्य मला वंदनीय वाटते. मात्र चिन हे मिझोंचे रक्ताचे भाऊबंद होत, हे विसरता येत नाही. ब्रू जमातीची हजारो माणसे 1997 साली याच मिझोराममधून जीव मुठीत धरून त्रिपुरात पळाली. त्यांच्या कायमच्या वसाहतीचा करार 2020 च्या जानेवारीत झाला, तोही त्रिपुरातच. दृष्टांतातला शोमरोनी तर जखमी माणसाचा भाऊबंद नव्हता.

आणि केंद्राचे भयही सर्वस्वी खोटे नाही. त्या सरहद्दीवरून अफू-गांजाच नव्हे तर हत्यारेही येतात. पण त्यावर उपाय दार लावणे हा नसून, आलेल्या माणसाचे नाव, गाव, कुटुंब नीट लिहून घेणे हा आहे. 2023 साली केंद्राने निर्वासितांच्या बोटांच्या ठशांसह नोंदी मागितल्या, तेव्हा मिझोरामने नकार दिला. माझ्यातल्या कारकुनाला तो नकार चुकीचा वाटतो. नोंद नसलेल्या माणसाला कोणीही काहीही ठरवू शकते, हे पुरंदरावर दिसलेच होते. 2025 साली ती नोंदणी अखेर सुरू झाली. आता प्रश्न उरतो तो त्या वह्या कोणाच्या हाती पडतील याचा. ज्या लष्कराच्या भीतीने ही माणसे पळाली, त्याच्याकडे ती नावे जाणार नाहीत, असे वचन देणारा निर्वासितांचा कायदा आपल्या देशात नाही. ते वचन मिळेपर्यंत छावणीतल्या एखाद्या बाईने अंगठा पुढे करण्यास कां-कूं केले, तर तिला दोष देण्यास माझी जीभ धजत नाही.