फणसांबा : आजीचं औषध आणि शास्त्रज्ञांचं काम

भोर-वेल्ह्यातल्या बचत गटांच्या सगळ्या ताया, मावश्या, आज्या, हातातलं काम करता करता ऐका.

मागं गटाच्या बैठकीत एका मावशींनी पदरातून एक तुकडा काढून पुढ्यात ठेवला. वरून काळा, भेगाळलेला, खालून तपकिरी आणि लाकडासारखा टणक. आमच्यातल्या आजींनी बघताक्षणी ओळखलं, "अगं, हा तर फणसांबा!" फणसाच्या खोडावर येणारं हे अळंबं. कुणी त्याला फणसोंबा म्हणतं. लेकरू फार लाळ गाळायला लागलं की जुन्या बाया तो सहाणेवर पाण्यात उगाळून हिरड्यांना लावायच्या. तोंड आलं तरी तेच औषध.

पण मावशी वेगळंच बोलल्या. बाजारात कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, "चीनमध्ये हे कॅन्सरवर देतात, पूड करून घ्या." मावशींच्या छातीत गाठ होती. तीन महिने त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. पूड मात्र रोज घेत होत्या. त्यांनीच सांगितलं, "माझं नाव नका घेऊ, पण ही गोष्ट बायांना सांगा." म्हणून आज हा विषय घेतला.

आधी फणसांबा म्हणजे काय ते बघू. ही एक बुरशी आहे. तिचे धागे झाडाच्या लाकडात शिरून लाकूड कुजवतात आणि त्यावर जगतात. बाहेर दिसतो तो नुसता तिचा कानासारखा भाग. तो पावसाळी अळंबीसारखा दोन दिवसांत विरत नाही, वर्षानुवर्षं खोडावर राहतो आणि थराथरानं वाढतो. तो तोडला म्हणून झाड बरं होत नाही, कारण बुरशी आतच असते. असं झाड घराजवळ असेल तर वादळवाऱ्यात त्यावर लक्ष ठेवा.

आता शास्त्रज्ञांनी काय केलं? जुन्या इंग्रजी औषधी ग्रंथांत फणसावरच्या या अळंब्याला धिंगरीचं शास्त्रीय नाव दिलं होतं. धिंगरी मऊ, भाजी करून खायची. फणसांबा लाकडासारखा टणक! पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातले प्रा. जे. जी. वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर अभ्यास केला. १९९१ आणि १९९३ साली त्यांचे लेख छापून आले. त्यातून पुढं आलं की फणसांबा 'फेलिनस' नावाच्या टणक बुरशींच्या गटातला आहे. शिवाय या नावाखाली एकच जात नाही, दिसायला सारख्या अनेक जाती आहेत. म्हणजे दोघींनी आणलेला फणसांबा एकच असेल, असं नुसतं बघून सांगता येत नाही.

चीनमध्येही हाच घोळ झाला. तिथं तुतीच्या झाडावरच्या अशाच बुरशीला 'सांगह्वांग' म्हणतात. आपल्या फणसांब्याची ती लांबची भाऊबंद. बरीच वर्षं तिला एका परदेशी बुरशीचं नाव चिकटलेलं होतं. ती जात मूळची मध्य अमेरिकेतली निघाली! तुतीवरच्या बुरशीला तिचं स्वतःचं शास्त्रीय नाव २०१२ साली मिळालं.

मग कॅन्सरची गोष्ट आली कुठून? १९६८ साली जपानमध्ये शास्त्रज्ञांनी अनेक बुरशींचे अर्क गाठी असलेल्या उंदरांना देऊन पाहिले. या प्रकारच्या बुरशीच्या अर्कानं गाठींची वाढ बरीच रोखली. तिथून पुढं खूप संशोधन झालं आणि अजून चालू आहे. पण नीट बघा, तो प्रयोगशाळेत काढलेला अर्क होता, मोजून दिलेला, आणि तोही उंदराला. आपण घरी केलेली पूड वेगळी आणि आपलं शरीर वेगळं. उंदराची गाठ आटली म्हणून बाईची आटेल असं कुणी सांगू शकत नाही.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. छातीत गाठ लागली, तोंडातला चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून गेलं, तर पूड नको, दवाखाना गाठा. तीस वर्षांवरच्या बायांची तोंड, स्तन आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, आशाताईंना विचारा. लेकराला जुलाब लागले तर आधी ओआरएस आणि झिंक. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाशिवाय घरचं काही चाटवू नका.

आजीचं ज्ञान टाकून द्यायचं नाही. कुठल्या झाडावरचा फणसांबा, कधी काढायचा, कशावर लावायचा, हे आजीला विचारून लिहून ठेवा. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत ते नोंदवायला सांगा. उद्या कुणी व्यापारी पोत्यानं मागायला आला, तर हे गावाचं ज्ञान आहे असं आपल्याला सांगता येईल.

आणि मावशी? आम्ही तिघी त्यांच्याबरोबर पहिल्या एसटीनं पुण्याला गेलो. तपासण्या झाल्या, इलाज सुरू आहे. परवा म्हणाल्या, "तीन महिने आधी बोलले असते तर बरं झालं असतं." मैत्रिणींनो, हे वाक्य आपल्यापैकी कुणावर म्हणायची वेळ येऊ नये. बोला. गटात बोला, घरात बोला.

पुढच्या वेळी पुन्हा भेटू. नमस्कार!