घरच्या संगीतासाठी सीडी प्लेअरची निवड

ज्या घरांत वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हौसेने सीडी जमविल्या गेल्या, त्यांपैकी अनेक घरांत आज एकच दृश्य दिसते. तबकड्या कपाटात सुरक्षित आहेत. परंतु त्या वाजविणारे यंत्र मात्र बंद पडले आहे. बेळगाव तालुक्यातील सुळेभावी हे कुमार गंधर्वांचे जन्मस्थान. त्याच तालुक्यातील काकतीच्या एखाद्या घरात त्यांच्या गायनाच्या सीडी अशा मुक्या होऊन पडल्या असतील, तर ती खेदाचीच गोष्ट होय.

बाजारात मिळणारे गाणे आज मोबाइलवरही ऐकता येते. परंतु गावच्या भजनी मंडळाचे, चर्चमधील गायकवृंदाचे किंवा घरातील दिवंगत आजोबांचे जे ध्वनिमुद्रण घरी सीडीवर उतरविले गेले, ते अन्यत्र कोठे मिळणार? म्हणून थोडक्या पैशांत योग्य यंत्र निवडणे अगत्याचे ठरते.

सीडी प्लेअर १९८२ साली प्रथम जपानमध्ये विक्रीस आला. बारा सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीवर प्रत्येक सेकंदाच्या ध्वनीची ४४,१०० मोजमापे अंकरूपाने नोंदलेली असतात व लेसर किरण ती वाचतो. हे प्रमाण सर्वत्र एकच असल्यामुळे साध्या व महागड्या यंत्रांच्या आवाजात सामान्य कानाला फारसा भेद जाणवत नाही. खरा भेद असतो तो तबकडी विनासायास वाचण्याच्या शक्तीत. तेव्हा नक्षीदार दर्शनी भागावर पैसे खर्च करण्यापेक्षा ते चांगल्या स्पीकरसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे.

घरात जुना डीव्हीडी प्लेअर असेल, तर प्रथम तोच लावून पाहावा. त्यावर सामान्यतः सीडीही वाजते. काहींना गाणे निवडण्यासाठी टीव्ही जोडावा लागतो, एवढीच अडचण. वापरलेले यंत्र बेळगावच्या बाजारात घ्यावयाचे झाल्यास घरची तबकडी बरोबर न्यावी. तिची सुरुवात आतल्या कडेला आणि शेवट बाहेरच्या कडेला असतो. म्हणून पहिले व शेवटचे, अशी दोन्ही गाणी वाजवून पाहावीत. घरी भरलेली सीडीही अवश्य तपासावी. तिच्यातील पुनःपुन्हा लिहिता येणारा प्रकार फार कमी प्रकाश परावर्तित करतो, त्यामुळे जुनी यंत्रे पुष्कळदा तो वाचीत नाहीत. तबकडीचा कप्पा अडखळत उघडत असेल किंवा गाणे मध्येच तुटत असेल, तर किंमत कितीही कमी असो, ते यंत्र सोडून द्यावे.

जोडणी करताना प्लेअरची तार ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ किंवा ‘लाइन’ या जागी द्यावी. ‘फोनो’ ही जागा ग्रामोफोनच्या क्षीण विद्युत्-संकेतासाठी असते. तेथे सीडीचा जोरकस संकेत दिल्यास आवाज फाटतो.

घरी भरलेल्या तबकडीतील रंगद्रव्य उष्णतेने व उजेडाने कालांतराने खराब होते. यास्तव यंत्राची निवड चालू असतानाच अशा सीडीची एक प्रत संगणकावर उतरवून घ्यावी. यंत्र बिघडले तर दुसरे विकत आणता येते; आजोबांचा आवाज पुन्हा आणता येत नाही.