पोट तिचं, पंचाईत गावाला

(लातूर येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



आजच्या पत्रिकेत माझ्या विषयापुढे 'प्रसिद्ध स्त्रिया आणि समाजाची नजर' असं छापलंय. सकाळी चहाच्या वेळी एका ताईंनी मला विचारलं, "पाणी, रेशन, बालविवाह, ऊसतोड एवढे प्रश्न आपल्यापुढे असताना नट्यांच्या कपड्यांवर बोलायला वेळ कुठाय?" प्रश्न रास्त आहे. माझं सगळं बोलणं म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे असं समजा.

मी नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत किशोरवयीन मुलींबरोबर काम करते. मुली स्वतःच्या शरीराबद्दल पहिल्या बैठकीत कधीच बोलत नाहीत. पण नटीबद्दल बोलतात. "ती लग्नानंतर किती सुटली", "ती काळी आहे पण चांगली दिसते", "तसले कपडे घातल्यावर लोक बोलणारच". तिसऱ्या-चौथ्या बैठकीत लक्षात येतं की हे बोलणं नटीबद्दल नव्हतंच. 'सुटली' म्हणणारी मुलगी वसतिगृहात रात्रीचं जेवण टाळत असते. 'लोक बोलणारच' म्हणणारीला कोणीतरी क्लासच्या वाटेवर बोललेलं असतं, आणि ते तिनं घरी सांगितलेलं नसतं, कारण सांगितलं तर क्लास बंद होईल आणि स्थळं बघायला सुरुवात होईल. मोठ्या बाईवर समाज जी मोजपट्टी लावतो, तीच या मुली मुकाट्यानं स्वतःला लावून घेतात. म्हणून हा विषय बालविवाहाच्या शेजारीच बसलेला आहे.

आता आपल्या जिल्ह्याशी नातं असलेलं एक उदाहरण घेऊ. बाभळगावच्या देशमुखांची सून जेनेलिया हिला लातूरकर कौतुकानं वहिनी म्हणतात. २०२२ च्या डिसेंबरअखेर तिचा 'वेड' हा मराठी चित्रपट आला तेव्हा केवढं कौतुक झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या एका कार्यक्रमातले तिचे फोटो पसरले. सैलसा पोशाख होता, पोटावर हात होता. झालं! हिला तिसऱ्यांदा दिवस गेलेत, अशी बातमी झाली. दोन मुलांची आई असलेल्या बाईचं पोट जरा दिसलं की त्याची जाहीर चर्चा करायला कोणालाही संकोच वाटला नाही. शेवटी रितेशनं खेळकर शब्दांत खुलासा केला की आणखी मुलं झाली तर हरकत नव्हती, पण हे खरं नाही. लोक हसले, विषय मिटला. त्याचं उत्तर चांगलंच होतं. माझा प्रश्न त्याला नाही, आपल्याला आहे. बाईच्या पोटाबद्दल खुलासा मागायचा अधिकार आपल्याला दिला कोणी?

तुम्ही म्हणाल, नटीला हे चालायचंच. मग आपल्या गल्लीत काय चालतं ते आठवा. लग्नाला सहा महिने झाले की सुनेच्या पोटाकडे बघायला सगळी आळी येते. पोट दिसलं तर "कितवा?", नाही दिसलं तर "अजून काही नाही?", आणि बाळंतपणानंतर उतरलं नाही तर "केवढी झालीस गं!" जेनेलियाला हेच प्रश्न विचारले गेले, फक्त विचारणारे लाखो होते.

याच पोटाची दुसरी गोष्ट आपल्या तमाशातली आहे. विठाबाई नारायणगावकर यांना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवण्यात आलं. त्यांच्याबद्दल सांगितलं जातं की दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या तेव्हा मागे जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. ही गोष्ट आपण त्यांच्या कलानिष्ठेचं उदाहरण म्हणून सांगतो. कलानिष्ठा होतीच. पण नऊ महिन्यांची गरोदर बाई नाचते आहे हे समोर बसलेल्या सगळ्यांना दिसत होतं ना? ज्या नजरा बाईचं शरीर इतकं बारकाईनं न्याहाळतात, त्यांना तिचे कष्ट दिसत नाहीत.

कपड्यांचंही तसंच आहे. आपल्याला सांगितलं जातं, कपडे नीट घाला म्हणजे कोणी बोलणार नाही. आपण इतिहासालाच विचारू या, की हे खरं आहे का.

१८४८ साली पुण्यात मुलींना शिकवायला निघालेल्या सावित्रीबाई अंगभर लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन जात होत्या. त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकला गेला. शाळेत पोचल्यावर बदलायला त्या दुसरं लुगडं बरोबर नेत असत. त्यांच्या लुगड्यात काय कमी होतं?

त्यानंतरच्या काळात चांगल्या घरच्या बाईनं रंगभूमीवर यायचं नाही, असा दंडक होता. तेव्हा बालगंधर्व स्त्रीवेशात उभे राहिले आणि महाराष्ट्र वेडा झाला. त्यांची साडी नेसण्याची तऱ्हा, त्यांचे दागिने, केसांतला गजरा यांची नक्कल घरंदाज बायका करू लागल्या. बालगंधर्वांच्या थोरवीबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण गंमत बघा. बाईनं सुंदर कसं दिसावं हे समाजानं पुरुषाकडून शिकून घेतलं, आणि खऱ्या बाईनं त्याच मंचावर पाऊल टाकलं तर तिला बदनाम ठरवलं. सिनेमातही तेच झालं. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचं काम एका पुरुषालाच करावं लागलं, कारण फाळक्यांना बाई मिळेना. पुढे दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. तिशीच्या दशकात दुर्गा खोटे आल्या तेव्हा प्रतिष्ठित घरातली बाई सिनेमात गेली याचाच बोभाटा झाला. म्हणजे अडचण कपड्यांची नव्हती. बाई घराबाहेर येऊन नाव कमावते, ही अडचण होती.

१९३८ साली अत्र्यांच्या कथेवर मास्टर विनायकांनी 'ब्रह्मचारी' काढला. त्यात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या. महाराष्ट्रात खळबळ उडाली. सिनेमा मात्र जोरात चालला! नावं ठेवणारे आणि तिकीट काढणारे लोक काही दोन वेगळ्या गावांतले नव्हते. पुढे पंचावन्न वर्षांनी, १९९३ साली, याच मीनाक्षीबाईंची नात नम्रता मिस इंडिया झाली. आजीच्या वेळी खळबळ, नातीच्या डोक्यावर मुकुट. याला प्रगती म्हणायचं का? थोडी आहे, नाकारत नाही. पण दोन्ही वेळी मोजलं गेलं ते शरीरच. आधी धर्माच्या आणि अब्रूच्या मापानं, मग बाजाराच्या मापानं. बाईनं आपलं माप आपण ठरवावं, हे दोन्हीकडे नाही.

आता अलीकडचं. गौतमी पाटील हे नाव इथं कोणाला माहीत नाही? तिच्या कार्यक्रमांना गावोगाव एवढी गर्दी लोटली की पोलिसांना आवरेना. ती अंगभर साडी नेसून नाचली तरी हावभाव अश्लील ठरले. मग तिनं माफी मागितली. मग तिनं 'पाटील' आडनाव लावावं की नाही यावर २०२३ साली जाहीर वाद झाला. बाईच्या नाचावरून सुरू झालेली चौकशी तिच्या जातीपर्यंत जाऊन पोचली. आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत ती कपडे बदलत असताना कोणीतरी चोरून केलेलं चित्रण मोबाईलवरून पसरवलं गेलं. राज्य महिला आयोगानं दखल घेतली, पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला.

मला आठवतं, तेव्हा नांदेडकडच्या एका गावात आमची बैठक होती. एक बाई म्हणाल्या, "असला नाच करती, मग दुसरं काय व्हणार?" त्यांच्या शेजारची म्हातारी म्हणाली, "बाई, नाचाला ती सगळ्यांफुडं हुबी ऱ्हायली. कापडं बदलायला ती आडोशाला गेली व्हती ना?" मला वाटतं, सगळा कायदा त्या म्हातारीनं एका वाक्यात सांगितला. मंचावर आली म्हणजे तिनं आडोशाचा हक्क सोडला असं होत नाही. भारतीय न्याय संहितेत कलम ७७ नेमकं हेच सांगतं: बाईच्या खासगी क्षणाचं चोरून चित्रण करणं आणि ते पसरवणं हा गुन्हा आहे. पाठलागासाठी ७८ आणि शब्दांनी, हावभावांनी अपमान करण्यासाठी ७९ आहे. ही तीन कलमं वहीत लिहून घ्या. आणि हेही लिहून घ्या की आलेली चित्रफीत 'बघा काय चाललंय' म्हणून पुढे ढकलणारी बाईसुद्धा पसरवणारीच असते.

आपल्याकडे माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लावणी महोत्सव होतो. जिल्हा परिषद भरवते, पुढारी मानाने बसतात, फेटे उडतात. त्याच कलावंत बाईच्या मुलीला शाळेत काय ऐकावं लागतं, ते तुमच्यातल्या शिक्षिकांना ठाऊक आहे. तमाशा-लावणीतल्या बायका बहुतेक कोणत्या जातींतून आल्या हेही तुम्हाला ठाऊक आहे. कोणत्या बाईकडे उघड बघायचं आणि कोणत्या बाईला झाकून ठेवायचं, हे जातीनं आधीच ठरवून दिलेलं होतं. त्यामुळे घरंदाज बाईचा पदर आणि कलावंतिणीची बदनामी, दोन्हींची दोरी एकाच हातात आहे.

प्रसिद्ध म्हणजे फक्त नटी असं समजू नका. गावातली सगळ्यात प्रसिद्ध बाई कोण? सरपंचबाई! महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत. ग्रामसभेत सरपंच पुरुषानं काय घातलं होतं हे मला आजवर कोणी सांगितलं नाही. बाईचं मात्र, पदर डोक्यावर होता की खांद्यावर, साडी किती भारी होती, कोणाच्या गाडीतून उतरली, एवढं सगळं कळतं. ठराव कोणता मांडला ते विचारावं लागतं. कपड्यांवर बोललं की कामावर बोलावं लागत नाही, हा याचा खरा उपयोग आहे.

आता थोडं आपल्या चळवळीबद्दल. १९९६ साली बंगलोरला मिस वर्ल्ड स्पर्धा भरली तेव्हा स्त्रीसंघटनांनी विरोध केला. बाईच्या शरीराचा बाजार मांडू नका, असं आपलं म्हणणं होतं. पण त्याच रस्त्यावर संस्कृती बुडाली म्हणून ओरडणारेही उतरले होते. बाहेरून दोन्ही घोषणा सारख्या ऐकू आल्या. त्याआधी १९९५ मध्ये मधू सप्रे या मराठी मॉडेलवर एका बुटांच्या जाहिरातीसाठी अश्लीलतेचा खटला झाला, तो २००९ पर्यंत चालला आणि शेवटी सगळे निर्दोष सुटले. आणि जानेवारी २०२३ मध्ये उर्फी जावेदच्या कपड्यांवरून चित्रा वाघ यांनी पोलीस कारवाईची मागणी केली, महिला आयोग गप्प का, असा वाद पेटला. कित्येक दिवस महाराष्ट्रात बायकांचा प्रश्न म्हणजे उर्फीचे कपडे, असं चित्र उभं राहिलं.

अशा वेळी आपण कोणत्या बाजूला उभं राहायचं? मी एक साधी खूण ठेवली आहे. प्रश्न कोणाला विचारला जातोय ते बघायचं. जाहिरात करणाऱ्या कंपनीला, गोरेपणाचं मलम विकणाऱ्याला, पोटाची बातमी करणाऱ्या वाहिनीला विचारला जात असेल, तर आपण पुढे. एकट्या बाईला, "तू हे का घातलंस?" असं विचारलं जात असेल, तर आपण त्या विचारणाऱ्यांत नाही. मग ती बाई आपल्याला आवडो वा न आवडो.

शेवटी सकाळच्या त्या ताईंकडे येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आहे, आणि २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे. बाईची कंबर, रंग, पदर, पोट सगळे मोजतात. तिच्या अंगात रक्त किती, हे कोण मोजतं? शरीराकडे एवढं बघणाऱ्या समाजाला शरीराची काळजी नाही, कारण ती नजर काळजीची नाही, ताब्याची आहे. जेवण टाळणारी मुलगी, शेरा ऐकून क्लास सोडणारी मुलगी आणि सतराव्या वर्षी बोहल्यावर चढणारी मुलगी, या मला एकाच रस्त्यावरच्या तीन थांब्यांवर दिसतात.

म्हणून जाताना तीन कामं सुचवते. गटात मुली नटीबद्दल बोलू लागल्या तर त्यांना गप्प करू नका, तिथूनच बोलणं सुरू करा. गावात मुलीला कोणी शेरा मारला तर तिचा क्लास बंद होऊ नये, यासाठी तिच्या आईबापांशी त्याच आठवड्यात जाऊन बोला. आणि आजपासून आपल्या बैठकीत एखादी मैत्रीण बऱ्याच दिवसांनी आली, तर "किती वाळलीस" किंवा "किती सुटलीस" यानं सुरुवात करायची नाही. "सध्या काय करतेस?" हे विचारायचं. अवघड आहे, जीभ वळत नाही, मला माहीत आहे. पण जेवणाच्या सुट्टीत करून बघा.