मानवेल आणि बांबू शार्क

चंद्रपूर-गडचिरोलीच्या डोंगरउतारांवरील मानवेल बांबू आणि अरबी समुद्राच्या तळाशी वावरणारा करडा बांबू शार्क यांच्यात साम्य ते काय? प्रथमदर्शनी ते नावापुरतेच आहे. या लहान मुशीच्या पिलांच्या अंगावरील आडवे पट्टे बांबूच्या पेरांची आठवण करून देतात. तथापि, निसर्गाकडून किती घ्यावे, हे समजण्यास ही तुलना उपकारक ठरते.

मानवेल ही गवताच्या कुळातील सपुष्प वनस्पती होय. तिला काही दशकांतून एकदाच फुलोरा येतो आणि बी धरल्यावर संपूर्ण रांजी वाळून जाते. मधल्या काळात मात्र भूमिगत खोडातून दर पावसाळ्यात नवे वास्ते फुटतात. म्हणूनच चालू व गतवर्षीचे बांबू राखून जून बांबू तोडल्यास बुरुडांची गरज भागते आणि रांजीही टिकते. फुलोऱ्यानंतर हा नियम पुरत नाही. त्या वेळी वणवा व चराई यांपासून रोपे वाचविणे हेच मुख्य कर्तव्य ठरते.

बांबू शार्कजवळ असे भूमिगत भांडवल नाही. जेमतेम पाऊण मीटर लांबीचा हा मासा एका वेळी मोजकीच अंडी घालतो. तळ खरवडीत जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यांत तो अन्य मासळीबरोबर सापडतो. जागतिक लाल यादीत त्याची गणना धोक्यातील प्रजातींत झाली आहे. तोडलेल्या बांबूच्या जागी नवा बांबू येतो. पकडलेल्या मादीबरोबर मात्र तिची भावी पिढीही जाते.

वनहक्क कायदा २००६ अन्वये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ग्रामसभेस २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही तिच्या हाती आला. अधिकाराबरोबर रांजी राखण्याची जबाबदारीही आली. सागरी क्षेत्रात १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा आहे. परंतु समुद्राला गावशीव नाही. म्हणून तेथे मच्छीमार सहकारी संस्थांचे सहकार्य अधिकच मोलाचे ठरते.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावच्या बांबूफुलोऱ्याची वर्षवार नोंद ठेवून घ्यावी. ग्रामसभांनी फुललेल्या क्षेत्रास संरक्षण द्यावे. किनाऱ्यावरील पंचायतींनी जिवंत सापडलेली लहान मुशी पाण्यात परत सोडण्याचा प्रघात पाडावा. किती काढले यापेक्षा मागे काय उरले, याचा हिशेब ठेवणे हेच खरे संवर्धन होय.